टोचलेलं नाक

भिकू वेळेवर जेवत असेल ना, असं कुसुमताई दिवसातून दहादा म्हणायच्या. पण आत डाचणारी काळजी दुसरीच होती. पोराला असं आपणच केलं का?

भिकाजी त्यांचा एकुलता एक. चार महिन्यांपूर्वी नाशिकला एका छापखान्यात नोकरीला गेला आणि त्यानंतर त्याचं एक पत्र नाही.

त्याच्या आधीचे दोन मुलगे बारा दिवसही जगले नव्हते. म्हणून हा झाल्यावर सासूबाईंनी पाच घरी जोंधळे मागून आणले, नाव भिकाजी ठेवलं, नाक टोचून सोन्याची चमकी घातली. मुलगी समजून मृत्यूनं पुढच्या दारी जावं म्हणून पाच वर्षं परकर-पोलकं. कुसुमताई बी. ए. झालेल्या, त्यांचा यावर विश्वास नव्हता. पण दोन लेकरं पुरलेल्या बाईला विश्वास कोण विचारतो? पोर जगलं.

मोठा झाला तो अबोल, मोत्यासारख्या अक्षराचा. वडील उद्धवराव पिंपरीच्या औषध कारखान्यात पाळीवर. बापलेकांचं बोलणं "जेवलास?" एवढंच. तेविसाव्या वर्षी भिकूनं तीन स्थळं मोडली. चौथ्याच्या वेळी आईजवळ बसून म्हणाला, "आई, माझं मन बन्सीवर आहे. कुणाच्या लेकीला कशाला फसवू?" बन्सी म्हणजे त्याचा कॉलेजातला सोबती.

कुसुमताईंनी त्याला पुण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"वडील फारसे बोलत नाहीत? आईच जवळची? मग बरोबर," डॉक्टर म्हणाले. "परदेशातली मोठी माणसं हेच सांगतात. आईच्या अति मायेनं मुलाचं मन असं वळतं. लहानपणी मुलीचे कपडे घातले होते?"

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. "घातले. माझीच चूक. मीच बिघडवलं याला."

भिकू शेजारच्याच खुर्चीत होता. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून बसला. मग हळूच म्हणाला, "आई, तू चूक केलीस. म्हणजे ती चूक मीच ना?"

त्या हातातली तिकिटं दुमडत राहिल्या. तिसऱ्या दिवशी तो गेला. शेजाऱ्यांनी विचारलं की त्या म्हणत, "पगार चांगला आहे हो तिकडं."

काल दूध घालता घालता पिंपळे सौदागरच्या सोजराबाईंनी विचारलं, "ताई, भिकूबाबाचं लगीन कवा?"

कुसुमताई चाचरल्या. "त्याचं नाक टोचलं होतं ना... अशा मुलांचं पुढं नीट होतं का?"

"अवो, माज्या गेनूचं टोचलेलं हाय! सात वरसं परकरात हुता. आता मिशीला तूप लावतोय आन बायकूमागं वासरावानी फिरतोय. आमच्या गावात अशी धा नाकं दावते तुमास्नी."

"आणि त्याचे वडील? बोलायचे त्याच्याशी?"

"बैलाशी बोलायचा! पोराशी कुठला बाप बोलतोय?" सोजराबाई खळखळून हसल्या. "शिकलेल्या बायांनी असलं इचारावं व्हय?"

कुसुमताईंनाही हसू आलं, आणि हसता हसता चेहरा तापला. भिकू असा का झाला, ते सोजराबाईंना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना तरी कुठं होतं? पण परक्या माणसासमोर लेकाला बिघडलेला म्हटलं, ते मात्र त्यांच्याच तोंडानं.

आज सकाळी त्यांनी भिकूच्या छापखान्याचा नंबर शोधून काढला आणि चपला घातल्या.

"पत्र लिही की," उद्धवराव म्हणाले. "ट्रंक कॉलवर ओरडून बोलावं लागतं. पोस्टात कारखान्याची सगळी वसाहत रांगेत असते."

"त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी हळू बोलले होते का?" त्या म्हणाल्या. "तू चूक नाहीस, एवढंच सांगायचं आहे त्याला. ओरडून सांगेन. तुम्ही येता का?"

उद्धवरावांनी मान खाली घातली. कुसुमताईंनी नंबराची चिठ्ठी मुठीत धरली आणि पोस्टाची वाट धरली.