मागचा डावा पाय

अमरावतीच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कारकून होतो, तेव्हाची गोष्ट. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली की कॉलेजातला एक विद्यार्थी येऊन बैलांच्या पायांशी उकिडवा बसायचा. मला वाटलं, बैलांचा दलाल असेल. विचारलं तर म्हणाला, "चित्र चालवाचं शिकून राह्यलो."

शिकवणारं कोणी नव्हतं. टॉकीजचा ऑपरेटर फेकून द्यायचा ते फिल्मचे तुकडे उन्हात धरून तो एकेक चित्र निरखायचा. बोलता बोलता त्याच्या दोन्ही हातांची दोन-दोन बोटं मांडीवर बैलासारखी चालत राहायची.

एकदा त्याने जाड वही आणली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक बैल काढलेला. अंगठ्याने पानं भराभर सोडली की बैल चालू लागे. मी म्हटलं, "छान आहे." त्याला ते पुरलं नाही. त्याने वही वलगावच्या एका म्हाताऱ्या गाडीवानाला दाखवली. म्हाताऱ्याने पानं दोनदा सोडून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"याचा मांगचा डावा पाय दुखून राह्यला. दोन दिस जुपू नको याले."

मी हसलो. विद्यार्थी हसला नाही.

"सारे जन चित्र पायतात, बाबूजी," तो मला म्हणाला. "यायनं बैल पाह्यला."

पुढचे दोन दिवस तो फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन आला तेव्हा मी विचारलं, "कुठं होतास?"

"घरीच," तो म्हणाला. "बैलाले आराम देल्ला."