ढेकूण ओळखणाऱ्या काकी

नेरे गावच्या काकींनी पहिल्याच भेटीत दोन बोटं माझ्या नाकाखाली धरली. बोटांत चिरडलेला हिरवा ढेकूण होता.

"पयला वास घे. मंग औषदाचं नाव सांग."

मी नवा कृषी सहायक. काकी भात कापून झाल्यावर वाल पेरायच्या आणि शेंगा पनवेलच्या बाजारात स्वतः बसून विकायच्या. त्या वर्षी ढेकणांनी शेंगांतला रस शोषून दाणे पोचट केले होते. मी फवारणी सांगायला गेलो होतो.

"आज फवारू, नि परवा त्याच शेंगा कोनाला घालू? तुज्या पोरांना?"

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. बोलणं करवतीसारखं, पण वेलाला हात लावतील तो मात्र अलगद.

सकाळच्या गारठ्यात ढेकूण सुस्त असतो. काकी साबणाच्या पाण्याचं घमेलं वेलाखाली धरायच्या आणि वेल झटकायच्या. ढेकूण टपाटप पाण्यात. मग एकेक पान उलटून खालचे अंड्यांचे पुंजके खुडायच्या. एकदा मी एक काळा पुंजका चिरडायला गेलो, तर हातावर चापट बसली.

"काली अंडी ऱ्हाऊ दे, पोरा. त्यातून ढेकूण नाय निगत, ढेकनाची अंडी खानारी बारीक माशी निगते. ती आपल्या कामाची हाय."

हे मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. पाहिलं मात्र काकींच्या शेतात.

तीन हिवाळे मी शिकलो. मग त्यावर अहवाल लिहिला. त्यात काकींचं नाव 'एक शेतकरी महिला' एवढंच होतं. पनवेलला शेतकरी मेळावा झाला. स्टेजवरून मी घमेल्याची युक्ती सांगितली, काळ्या अंड्यांचं सांगितलं. मोठे साहेब म्हणाले, "बघा, आमच्या पोरानं शोधून काढलं." टाळ्या झाल्या. शेवटच्या रांगेत ठेवणीतलं लुगडं नेसून काकी बसल्या होत्या. त्यांना वर बोलवायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही. काकींनीही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात शेतावर गेलो. काकींनी खुर्ची आणली, पदरानं पुसली.

"बसा, साहेब."

"काकी, साहेब काय म्हणता?"

"मंग काय बोलू? तुमी शिकवनारे. इचारा, काय इचारायचंय ते."

मी चहा प्यालो आणि निघून आलो. माफी मागायला पुन्हा जाईन म्हणत राहिलो. मध्ये बढती मिळाली, गावं बदलली.

गेल्या पावसाळ्यात काकी गेल्या. दहाव्याला मी त्यांच्या घरी गेलो. ओटीवर माणसं दाटीनं बसली होती. सुनेनं हातात पाण्याचा पेला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हेच ते साहेब. आईंना ढेकनांचं सगलं तुमीच शिकवलंत ना? त्या सगल्यांना तसंच सांगायच्या."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी "हो" म्हणालो.