मोरचूद आणि आंदणाची बादली

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. आठवीतूनच शाळा सुटली माझी, त्यामुळे शब्दही घरचेच आहेत. पण फजिती मात्र चांगली मोठी आहे! आता काय सांगू, कुठून सांगू?

माझं लग्न साट्यालोट्यात ठरत होतं. हट्टा गावाजवळच्या एका घरी माझी बहीण द्यायची आणि त्यांची कौसल्या आमच्याकडे यायची. म्हणजे एक मोडलं की दुसरंही मोडलं! त्यात कौसल्या मॅट्रिक पास. म्हणून मी गुपचूप रसायनाचं एक जुनं पुस्तक वाचायला घेतलं.

त्यातली दुहेरी अदलाबदल मला लगेच कळली. दोन जोड्या येतात, आपापले जोडीदार बदलतात. आमचंच साटंलोटं की! एकेरी मात्र दांडगाई. एकटा कुणी येतो, जोडीतल्या एकाला हाकलतो आणि स्वतः तिथे बसतो. दोन्ही पाठ केलं.

मग त्यांच्याकडे गेलो. कौसल्याच्या बाबांच्या टमाटरवर रोग पडला होता.

"याले काही दवा हाय का, बापू?"

"हाय जी! मोरचूद अन् चुना. दोघं जोडीदार बदलतेत. आपल्या दोन घरांसारखं!"

सगळे हसले. मी फुगलो. अंगणात एक कोरी लोखंडी बादली होती, आंदणात द्यायला आणलेली. तिच्यातच मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, भिजवलं. चुना जेवणानंतर टाकू म्हटलं.

जेवून पाहतो तर काय? बादली आतून लालभडक!

"तांबं!" मी ओरडलो.

"लोखंडाचं तांबं झालं का हो?" होणाऱ्या सासूबाई धावत आल्या.

'माहीत नाही' म्हणायचं होतं. पण दाराआड कौसल्या उभी! म्हणालो, "हौ!"

झालं! अर्धी आळी गोळा झाली. विळा आला, उलथणं आलं, तवा आला. एक मावशी तर मला ढोसतच होती. "माह्या खुरपीलेबी बुडवा ना जी! काहून तिलेच मागं ठेवता?" जे बुडवावं ते लाल होऊन बाहेर! मलाच इतकी गंमत वाटत होती की मी टमाटर विसरलो.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "बाबा, निळा रंग कुठी गेला?"

खरंच की! पाणी फिकट हिरवं पडलं होतं.

"अन् बादलीचं लोखंड?"

तेव्हाच बुडाच्या सांध्यातून टप टप सुरू झालं.

कौसल्या बाहेर आली. राखेनं तवा घासला, तर सगळं तांबं तिच्या बोटांवर. "हे एकेरी हाय," ती हळूच म्हणाली. "लोखंड एकटंच घुसलं अन् तांब्याले हाकललं. चुना तर अजून आलाच नाही!"

दोन्ही मला पाठ होतं हो! पण समोर आलं तेव्हा ओळखलं नाही.

"आमची बादलीच पाजली तुमी मोरचुदाले," बाबा म्हणाले. "अशा घरी पोरगी द्यावी का नाही?"

माझ्या डोळ्यांपुढे बहिणीचा चेहरा आला. "चूक माही हाय जी, माह्या बहिणीची नाही. उद्या मातीच्या मडक्यात दवा करून दाखवतो."

बाबा गळकी बादली उलटीपालटी करून पाहू लागले. कौसल्याच बोलली, "येऊ द्या त्याहिले, बाबा. तपासाले एक खुरपी ठेवतो मी. बुडवल्यावर लाल झाली, तं चुना कमी हाय म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं डोक्यावर घेऊन चार कोस पायी गेलो. सायकलवर फुटलं असतं ना! मी दिसताच आळीतल्या बायांनी तवे, विळे, उलथणी पटापट घरात नेली. बाबा मात्र खाटेवर सरकले, मला जागा दिली. जीव भांड्यात पडला.

कौसल्या खुरपी घेऊन तयारच होती. मडक्यात डोकावली, मोरचुदाची पुडी हुंगली, माझ्याकडे पाहिलं.

"अन् चुना?"

मी मडकं तिथेच ठेवलं आणि चार कोस परत निघालो.