मैलकुलीचा खड्डा

आमचा सातारा-कराडचा रस्ता साधासुधा नव्हे. तो खाली बंगळूर गाठतो आणि देशाचं टोक समुद्रात बुडेपर्यंत थांबत नाही म्हणतात. त्यातला एकच मैल मामाच्या ताब्यात होता. मामा त्या मैलाची डागडुजी करणारा सरकारी मैलकुली, मी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या प्रवासी मोटारीचा ड्रायव्हर. त्याच्या मैलात मी बॉनेटवर काठोकाठ भरलेला चहाचा पेला ठेवून मोटार हाकलेली आहे. थेंब सांडला नाही. मैलाच्या दगडाला तो दिवाळीत उटणंसुद्धा लावत असावा.

जर्मन-जपानची लढाई संपली, फौजेच्या लाऱ्या परतू लागल्या, आणि त्याच्याच खोपटासमोर म्हैस बसेल एवढा खड्डा पडला. माझी मोटार अशी आदळली, की टपावरची कोंबडी आमच्या आधी कराडात पोचली.

"आवं मामा, ह्यो बुजवणार कवा?"

"बुजवायचा न्हाई. म्याच खणलाय."

मी हसलो. तो हसला नाही.

"लाऱ्या लय सुसाट जात्यात, गड्या. माझं पोरगं ह्याच रस्त्यानं लढाईला गेलं. हितं लारी दबकती, तवा समद्यांची तोंडं बघून घेतो."

पुढं लाऱ्या बंद झाल्या. खड्डा राहिला, रोज सकाळी तो त्यातली माती उपसून टाकायचा.

बाजूनं मोटार निघत होती, तरी मी ती खड्ड्यातूनच न्यायचो, बैलगाडीपेक्षा सावकाश, आणि मागं ओरडायचो, "तोंडं भाईर काढा रं समद्यांनी!"