ज्योत थांबवायची नसते

माझा मामेभाऊ एकाहत्तरच्या युद्धात गेला. तेव्हापासून दर डिसेंबरात त्याच्या गावची मुलं नाशिकहून दिंडोरीपलीकडच्या त्या गावापर्यंत त्याच्या नावाने ज्योत पळवत नेत. गडावरून देवीची आणतात तशीच, अनवाणी आणि आळीपाळीने. ज्योत थांबवायची नाही, खाली टेकवायची नाही. बरोबर पळणाऱ्याने मागितली की द्यायची, नाही म्हणायचं नाही.

मी कॉलेजात असताना एका वर्षी मामांनी मलाही बोलावलं. शाळेत धावण्यात माझा नंबर यायचा. मुलीने ज्योत धरावी का, यावर थोडी कुजबुज झाली. पण मी शहरातली, इंग्रजी शाळेतली, त्यामुळे खपून गेलं. पळताना बोलावं लागत नाही, एवढ्यावर मी हो म्हटलं होतं.

आदल्या संध्याकाळी मामांकडे पोचले तेव्हा वहिनी, म्हणजे त्या भावाची बायको, चिंचेने पितळी ताट घासत होती. त्या ताटाने कमानीपाशी सरपंचांची बायको ज्योत घेऊन येणाऱ्याला कुंकू लावून ओवाळायची. त्याला सवाष्ण लागते. वहिनी तेवढा वेळ घरात असायची.

"तुम्ही ज्योत कधी पाहिलीच नाही?" मी विचारलं.

"धूर दिसतो खिडकीतून," ती म्हणाली आणि ताट उजेडात धरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा टप्पा माझा होता. ऊन चढलं होतं, डांबर तापलेलं. मागच्या टेम्पोतून मुलं ओरडत होती, "ताई, इंग्लिश शाळेत एवढंच पळवतात का? लय हळू!"

ओढ्याच्या वळणावर बाभळीखाली वहिनी उभी दिसली. चपला काढलेल्या, पदर खोचलेला. मी जवळ येताच ती माझ्या बाजूने पळू लागली.

"वन्सं, द्या इकडं."

"वहिनी, कमानीपाशी सगळे थांबलेत."

"माहीत हाय. द्या."

मी दिली. टेम्पोतला आवाज बंद झाला.

तिला पळायची सवय नव्हती. धाप लागली होती, पण हात वर होता. कमानीपाशी लेझीम थांबलं. सरपंचांच्या बायकोचं बोट कुंकवात बुडलेलं होतं, ते तिथेच राहिलं. वहिनी जागच्या जागी पाय हलवत राहिली.

"ओवाळा की काकू," टेम्पोतून एक जण म्हणाला, "ज्योत थांबवायची नसते."

काकूंनी मामींकडे पाहिलं. मामींनी तांब्या उचलला आणि सुनेच्या पायांवर पाणी ओतलं. मग काकूंनी घाईघाईने ताट फिरवलं. कुंकवाचं बोट वहिनीच्या कपाळाकडे गेलं, अर्ध्यावर थांबलं, आणि काकूंनी ते मशालीच्या दांड्याला लावलं.

वहिनीने दांड्याकडे पाहिलं नाही. ओल्या पायांनी ती शाळेकडे पळत गेली. भावाचा फोटो तिथे टेबलावर मांडला होता.