वारुळावरचा हात

दीपमालाच्या शाळेला छप्पर न्हाई. भिंती न्हाईत, घंटा न्हाई, अन् कोण आलं कोण गेलं ते मास्तरच्या आधी टिटवीच ओरडून सांगती. जालन्यात मस्तगडला तिची भाड्याची एक खोली हाय, एक जुनी स्कूटी हाय, अन् एका लहानशा संस्थेतली नोकरी हाय. काम काय, तर गावोगावच्या शाळांतली पोरं वर्गाबाहेर काढायची, माळावर, ओढ्याला, गायरानात न्यायची, अन् तिथं जे हाय ते दाखवायचं. कधी पोरांच्या जागी बचत गटाच्या बाया असतात, कधी पारावरचे म्हातारे. घरमालकीण तिला विचारायची, "पोरायला उन्हात हिंडवायचा बी पगार भेटतो का गं?" दीपमाला म्हणायची, "भेटतो की मावशी," अन् स्कूटीला किक मारायची.

मूळची ती हसनाबादची. बाप साहेबराव, शाळामास्तर. घरात बुद्धवंदना, बाकी देव देव काही न्हाई. "आधी पाह्य, मंग मान," हा बापानं लेकीला दिलेला एकच धडा, पण पक्का दिलेला. पोरगी शिकली, जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागली. ट्यूबलाईटखाली बसून ट्रेमधले कोंब तपासायचे. नोकरी बराबर होती, पगार टायमावर होता. एका सुट्टीत मामाच्या विहिरीवर ती पाणी प्यायला वाकली, तं वर बाभळीला सुगरणीचं अर्धं घरटं लोंबकळत होतं, अन् पाखरू चोचीनं गवताची काडी ओवून राह्यलं होतं. ती जी बसली ती ऊन डोक्यावर आलं तरी उठली न्हाई. मंग कंपनी सोडली. साहेबरावांनी डोक्याला हात लावला, पण धडा त्यांचाच होता, बोलणार काय?

तिची शिकवायची एक रीत होती. आधी गप बसायचं. मंग पाह्यचं. मंग हात लावायचा. नाव सगळ्यात शेवटी. ती म्हणायची, नाव सांगितलं की पोरं पाह्यचं सोडतात. वहीत लिहितात अन् मोकळी होतात. एकदा तिनं भोकरदनकडच्या पोरायला शेणाचा गोळा ढकलणारा किडा दाखवला. उलटा होऊन, मागच्या पायांनी, चढावर ढकलायचा. गोळा घरंगळायचा, हा परत खाली जायचा. पोरं गुडघ्यावर बसली होती, कोणी पाणी प्यायला बी उठलं न्हाई. शेवटी गोळा चढावर गेला तव्हा एक पोरगी हळूच म्हणली, "ताई, ह्याला कोणी शिकवलं?" दीपमाला म्हणली, "मला बी न्हाई ठाऊक." अन् खरंच तिच्या अंगावर काटा आल्ता.

अशी ही बाई. अन् हिनंच एकदा आपली रीत मोडली. गावाचं नाव मी सांगत न्हाई, उगंच गावाला बोल लागायचा.

त्या गावाच्या शाळेमागं गायरान हाय, अन् गायरानात हिवराच्या झाडाखाली एक वारूळ. साधंसुधं न्हाई, उंच माणसाच्या डोक्याच्या वर जाईल एवढं, अन् शेंड्याला धुराड्यासारखी उघडी तोंडं. त्याचं वय गावात कोणाला ठाऊक न्हाई. नागपंचमीला साऱ्या बाया तिथं जातात. त्या दिवशी गावात कोणी नांगर धरत न्हाई, कुदळ मारत न्हाई, विळीवर भाजी बी चिरत न्हाई. बाया लांबून लाह्या उधळतात, बुडाशी दूध ओततात, हात जोडतात. वारुळाला बोट मात्र कोणी लावत न्हाई. ह्या बायांमधी पुढं असायच्या पुष्पाबाई, सरपंच मच्छिंद्रची आई. सासू मेली तवापासून पहिली लाही त्यांचीच.

दीपमाला गेल्या श्रावणात तिथं गेल्ती. उद्या पंचमी म्हणून शाळा लवकर सुटणार होती, पोरं घराकडं बघून राह्यली होती. गप बसायला टाईम न्हाई, पाह्यला न्हाई, हात लावायला न्हाई. मंग बाई उभ्या उभ्या बोलून मोकळी झाली. नाग वारूळ बांधत न्हाई. नाग दूध पीत न्हाई, दुधानं माती नासते. तिथं नागबीग काही न्हाई, नुस्ती वाळवी हाय. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

बोलली ते खरंच होतं म्हणा. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, घराघरात वाद झाले, अन् दुसऱ्या दिवशी वारुळाशी बाया निम्म्याबी आल्या न्हाईत. पुष्पाबाई आल्या, पण तोंड मिटून. मच्छिंद्रनं मात्र दीपमालाला फोन लावला, "म्याडम, बरं केलं. आमच्या गावाला हेच पाह्यजे होतं." दीपमाला खूष झाली. बापाला बी सांगितलं.

अन् मंग थंडीत एका सकाळी ती त्याच शाळेत पोरं घ्यायला आली, तं गायरानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा ओढलेल्या. कडंला पिवळा जेसीबी उभा. पोरांच्या कबड्डीसाठी मैदान होणार होतं. मैदान चांगलीच गोष्ट हाय, कोण न्हाई म्हणल? पण हिवर अन् वारूळ बराबर रेघांच्या मधोमध.

मच्छिंद्र मफलर बांधून उभाच होता. "या म्याडम. आज साफ करून टाकू."

"मच्छिंद्रभाऊ, वारूळ बी?"

"मंग? लेवल कशी येईल? आमचा आजा ह्याला वळसा घालून गाडी न्यायचा. बापाच्या टायमाला एका ठेकेदाराचा माणूस कुदळ घेऊन आल्ता, नागाचं नाव ऐकलं अन् कुदळ टाकून गेल्ता. आता तुम्हीच भ्याव काढून टाकलं. नुस्ती वाळवी हाय म्हणल्या ना? वाळवी तं आमच्या चौकटी खाऊन राह्यली." त्याच्या बोलण्यात टोमणा बिलकुल न्हवता. त्याला खरंच वाटत होतं की म्याडमला आनंद होईल.

एवढ्या पिढ्या ज्याच्या नावावर ते वारूळ उभं राह्यलं, तो नाग तिनं एका वाक्यात काढून नेला, अन् त्याच्या जागी काही ठेवलं न्हाई. आता दुपारपर्यंत तिथं सपाट माती असणार, अन् ती माती तिच्या जिभेनं केलेली. मैदान सरकवा म्हणावं तं कोणत्या तोंडानं? ती एवढंच म्हणली, "भाऊ, जेसीबीवाल्याचा चहा होईस्तोवर थांबता का?"

मच्छिंद्र म्हणला, "थांबू की. पण जल्दी करा."

ती तडक पुष्पाबाईंच्या दारात गेली. बाई चुलीपुढं पाणी तापवत बसल्या होत्या. वर पाह्यलं, परत जाळाकडं पाह्यलं.

"मावशी, वारूळ पाडायला निघाले."

"मला ठाऊक हाय. लेक माझाच हाय." बाईंनी लाकूड आत सारलं. "तूच म्हणली ना तिथं काही न्हाई? मंग आता कशाला आली धावत?"

दीपमाला उंबऱ्याशीच खाली बसली. "चुकलं माझं. काय न्हाई ते सांगून बसले. काय हाय ते दाखवायचं राह्यलं."

पाण्याला उकळी आली, पुष्पाबाईंनी पातेलं उतरवलं, पदरानं हात पुसले. "तुम्ही शिकलेल्या पोरी," त्या म्हणल्या, "आधी घर पाडता, मंग नकाशा दाखवता." अन् पायात चप्पल सारली.

गायरानात धुकं अजून जमिनीला धरून होतं. पोरं हातात हात चोळत गोळा झाल्ती. जेसीबीवाला अंगद चहाचा कागदी कप घेऊन आल्ता, तमाशा काय हाय ते पाह्यला. दीपमालानं ह्या खेपेला भाषण केलं न्हाई. पोरांना फक्त म्हणली, "गप." सारे गप झाले. तिनं वारुळाच्या शेंड्याकडं बोट केलं. गार हवेत, त्या उघड्या तोंडांवर, अगदी पातळ वाफ हलून राह्यली होती. वर्षानुवर्षं वारूळ पाह्यलेली माणसं, पण अशा वक्ताला, असं गप उभं राहून कोणी पाह्यलं न्हवतं.

वारुळाच्या बुडाशी तिनं चढायला एक मोठा दगड सरकवून ठेवला. "मावशी, वर चढा. तळवा त्या तोंडावर धरा. आत घालायचा न्हाई, नुस्ता वर धरायचा."

पुष्पाबाई मागं सरकल्या. "आम्ही हात लावत न्हाई त्याला. सासू म्हणायची, लांबूनच."

"लावू नका. वर धरा."

मच्छिंद्रनं आईचा दंड धरून तिला वर चढवलं. म्हातारीनं तळवा पुढं केला. अन् तिचा चेहरा एकदम बदलला. ती हात मागं घेईना. दुसरा हात बी वर धरला. आतून ऊब येऊन राह्यली होती. ओली, मऊ, एकसारखी, आतलं कोणी झोपेत श्वास सोडावा तशी.

"गरम हाय," पुष्पाबाई म्हणल्या. "माय, हे तं जितं हाय."

मंग दीपमाला बोलली, हळू. आत वाळवी शेती करते म्हणली. सुकलं पान, गवताची काडी चावून आणते, त्याचे वाफे रचते, अन् त्या वाफ्यांवर बुरशी पिकवते. नको ती बुरशी उगवली की उपटून टाकते, जसं आपण निंदतो. ह्या पिकाची अन् त्या साऱ्या जीवांची ऊब वर येते, म्हणून ही धुराडी. अन् हे सारं बांधणाऱ्या कामकरी वाळवीला डोळे न्हाईत. पिढी मरते, दुसरी येते, बांधकाम थांबत न्हाई. कोणी मुकादम न्हाई. "हे त्यायला कसं कळतं, कुठं भिंत, कुठं खिडकी, ते अजून कोणाला पुरतं कळलं न्हाई. मला बी न्हाई."

पोरं एकेक करून दगडावर चढली, तळवा धरून उतरली, अन् उतरल्यावर आपलाच तळवा पाहत उभी राह्यली. अंगदनं कप खाली ठेवला, हात पँटला पुसला, अन् मंगच वर चढला. दीपमालानं हे कितीकदा केलेलं, कितीक वारुळांवर; तरी आपली पाळी आली तव्हा ती सगळ्यांपेक्षा जास्त वेळ तळवा धरून राह्यली. आपण ह्याला 'नुस्ती वाळवी' म्हणलो, हे तिच्या मनातून जाईना.

मच्छिंद्र शेवटी चढला. सरपंच माणूस, जरा हसत चढला. हात धरला, अन् हसू थांबलं.

खालून पुष्पाबाई त्याच्याकडं पाहून राह्यल्या होत्या. "मच्छिंद्रा," त्या म्हणल्या, "तू बाळ व्हता तव्हा रोज तुझ्या टाळूवर तेल घालायचे. हाताखाली तुझी टाळू अशीच लागायची. गरम. भ्यावच वाटायचं, जोरानं हात पडला तं काय होईल."

मच्छिंद्रनं हात काढला न्हाई. किती तरी वेळ तो तसाच उभा होता, तोंड पलीकडं करून. मंग उतरला, मफलर सारखा केला, अन् फक्कीची बादली उचलून अंगदला म्हणला, "मैदान ओढ्याच्या बाजूला सरकव. थोडं तिरपं होईल. होऊ दे."

मैदान तिरपंच झालं. बाहेरगावचे कबड्डीवाले हसतात, म्हणतात, ह्या गावानं रेघ पिऊन ओढली. गावातली पोरं मंग त्यायला धरून हिवराखाली नेतात अन् दगडावर चढवतात. तिथून उतरलेला माणूस हसत न्हाई.

ह्या श्रावणात पंचमीला दीपमाला मुद्दाम गेली, पोरांना घेऊन न्हाई, एकटीच. बाया सगळ्या आल्या होत्या, निम्म्या न्हाई, सगळ्या. लाह्या होत्या, दूध न्हवतं. दूध का न्हाई ते कोणी कोणाला सांगितलं न्हवतं म्हणे. पुष्पाबाईंनी आणलं न्हाई, मंग बाकीच्यांनी बी न्हाई. लाह्या उधळून झाल्या, तशा पुष्पाबाई दगडावर चढल्या अन् तळवा धरून डोळे मिटून उभ्या राह्यल्या. त्यांच्यामागं बायांची रांग लागली.

दीपमाला लांब, हिवराच्या बुंध्याशी थांबली होती. पुष्पाबाई उतरून तिच्याकडं आल्या.

"तू हात जोडत न्हाईस ना?"

"न्हाई, मावशी."

"नको जोडू," म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं, रांगेतून तिला पुढं नेलं, दगडावर चढवलं, अन् तिचा तळवा त्या तोंडावर धरला. श्रावणात ऊब तितकी कळत न्हाई, नुस्ती ओल कळते. पुष्पाबाईंनी मनगट सोडलं न्हाई.

"हाय का?" त्यांनी विचारलं.

"हाय," दीपमाला म्हणली.