शंभर वर्षांनंतरचा उन्हाळा

निवृत्तीनंतर चार वर्षं डोकं खपवून मुकुंदराव देवपुजारींनी कादंबरी लिहिली. त्यात शंभर वर्षांनंतरचं नागपूर होतं. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाहेर पडलाच कुणी, तर तोंडाला फडकं आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. शेजारी शेजाऱ्याला फक्त डोळ्यांवरून ओळखतो. वाचणाऱ्याचा थरकाप उडावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

शेजारची सोनिका पुस्तक परत करायला आली. "काका, मस्त लिहिलं. पण याच्यात डरायचं काय आहे? हा तर आपला मे महिना!"

मुकुंदरावांनी दातओठ खात पुस्तक टेबलावर आपटलं. तेवढ्यात बालमित्र वामनरावांचा फोन आला. "वाचलं गा. पण तू कुलर काहून नाही दाखवला?"

आता मात्र त्यांचं डोकं सटकलं. "अबे, लोक उन्हानं मरून राहिले त्याच्यात, अन् तुले कुलरची पडली?"

"मरतेतच ना दरवर्षी," वामनराव शांतपणे म्हणाले.

"थांब, घरीच येतो तुह्या!"

भर दुपारी मुकुंदराव तणतणत निघाले. फाटकातूनच परत फिरले, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि टोपलीतला एक कांदा उचलून खिशात टाकला.